उजवीकडून डावीकडे

आमच्या घरात दखनी बोलतात, शाळेत मी उर्दूतून शिकवते आणि सोलापूरच्या बाजारात मराठीशिवाय पान हलत नाही. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना आपण उंबरठा ओलांडला हेसुद्धा जाणवत नाही. संगणकाला मात्र हा उंबरठा फार उंच वाटतो, हे मला वयाच्या 36 व्या वर्षी कळले.

मोहल्ल्यातल्या वाचनालयाला वेबसाइट हवी होती. सुमारे बाराशे पुस्तके, निम्मी उर्दू, निम्मी मराठी. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही शाळेचे निकाल कॉम्प्युटरवर करता, मग हे काय अवघड?" निकालपत्रक आणि वेबसाइट यांत काज-बटण आणि शेरवानी यांच्याइतके अंतर आहे, हे त्यांना सांगून पटले नसते. मी आठ दिवस मागून घेतले, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेतली आणि होकार दिला. पंधरा हजार रुपये ठरले. बी.एड.ला पाठाचे टाचण काढायला शिकवतात; तसेच टाचण काढून काय करणार, किती दिवसांत करणार आणि पैसे कोणत्या टप्प्याला मिळणार, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या केल्या.

वर्डप्रेस 2003 पासून मोफत मिळते, हे मला त्याच आठवड्यात समजले. रात्री मुले झोपली की मोबाइलवर धडे बघायचे आणि नवऱ्याच्या जुन्या लॅपटॉपवर करून पाहायचे. शिकवणारे सगळे इंग्रजी किंवा हिंदीत बोलत, आणि त्यांच्या सगळ्या वेबसाइट डावीकडून सुरू होत. माझी अर्धी उजवीकडून सुरू होणार होती.

पहिली अडचण मजकुराचीच आली. वाचनालयाची उर्दू यादी इनपेजच्या जुन्या फाइलमध्ये होती आणि मराठी यादी श्री-लिपीत. दोन्ही उचलून वेबसाइटवर टाकल्या की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे. मराठीचे हाल उर्दूपेक्षा कमी नव्हते, हे पाहून मला थोडे बरेही वाटले. दोष कुणाचा नाही. एकेकाळी उर्दूचे पान कातिबाच्या बोरूतून उतरत असे. मिर्झा अहमद जमील यांनी 1981 साली मोनोटाइप कंपनीबरोबर नूरी नस्तालिक तयार केले, तेव्हा अक्षरांचे हजारो जोड एकेक करून हाताने लिहावे लागले. 1994 साली आलेल्या इनपेजने तेच वळण गल्लीतल्या छापखान्यापर्यंत पोचवले. कागदावर छापण्यासाठी तेवढे पुरेसे होते. वेबसाइटला युनिकोड लागतो, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक. दोन्ही याद्या कन्व्हर्टरमधून काढल्या आणि मग ओळ न् ओळ डोळ्यांनी तपासली.

त्यानंतर वाचनालयाने नव्या पुस्तकांची यादी दिली. ती कुणीतरी अरबी कीबोर्डवर टाइप केली होती. शोधाच्या चौकटीत 'मीर' लिहिले, तर जुन्या यादीतला मीर सापडे, नव्यातला सापडेना. पडद्यावर दोन्ही नावे हुबेहूब सारखी. अरबीतली 'ये' आणि उर्दूतली 'ये' शब्दाच्या मध्ये आली की सारखीच दिसते, पण युनिकोडमध्ये दोघींचे क्रमांक वेगळे आहेत. 'काफ'चेही तसेच. माणसाच्या डोळ्याला जे एक, ते यंत्राला दोन. नवी यादी उर्दू 'ये' आणि उर्दू 'काफ' घालून सारखी केली, तेव्हा दोन्ही मीर एकाच कपाटात आले.

आकड्यांचीही गंमत झाली. उर्दू उजवीकडून लिहितात, पण तिच्यातले आकडे डावीकडूनच वाचतात. मध्ये जागा सोडून लिहिलेला फोन नंबर उर्दू ओळीत टाकला की त्याचे तुकडे उलट्या क्रमाने उभे राहत. तेवढ्या नंबराला 'डावीकडून उजवीकडे' अशी खूण करावी लागते. नस्तालिकचे शब्द तिरपे उतरतात. देवनागरीच्या मापाने ओळी ठेवल्या तर वरचे नुक्ते छाटले जातात. ओळींमधली जागा वाढवली आणि गूगलने 2014 साली मोफत दिलेला नोटो नस्तालिक उर्दू हा फॉन्ट बसवला. तेव्हा कुठे साध्या मोबाइलवरही उर्दू उर्दूसारखी दिसली.

काम अडीच महिन्यांत झाले. शेवटचा हप्ता मागायला गेले, तेव्हा कमिटीतले एक बुजुर्ग प्रेमाने म्हणाले, "बेटी, ये तो सवाब का काम है." मी म्हटले, "चाचा, मस्जिदीला रंग देणारा मजुरी घेतो, नळ बसवणारा घेतो. त्यांचा सवाब कमी होतो का?" ते हसले. पैसे मिळाले, दीड महिन्याने. वेबसाइटचे नाव मी आग्रहाने वाचनालयाच्या नावावर घेतले होते आणि दरवर्षी ते कधी व कसे नूतन करायचे ते लिहून दिले होते. उद्या मी नसले तरी त्यांचे दार बंद पडू नये.

आपल्याकडे भाषेची सेवा म्हटली की मोबदल्याचा विषय काढणे हलके समजतात. बाई असेल तर जास्तच. पण फुकट करून घेतलेल्या कामाची कुणी निगा राखत नाही, आणि असे काम फार दिवस कुणी करूही शकत नाही. उर्दू पडद्यावर टिकायची असेल तर तिच्या 'ये' आणि 'काफ'मधला फरक जाणणारी माणसे लागतील, आणि त्यांना घर चालवायचे असते.

नववीच्या वर्गात मी ही दोन 'ये'ची गोष्ट सांगितली. कॉम्प्युटर म्हणजे इंग्रजी शाळेतल्या मुलांचे काम, असे समजणाऱ्या मुली टक लावून ऐकत होत्या. एकीने विचारले, "आपा, म्हणजे उर्दू येणाऱ्यालाच हे काम जमेल?" मी म्हटले, "उर्दू येते आणि मेहनत करते, तिला." त्या शनिवारी सात मुली शाळा सुटल्यावर थांबल्या. संगणक दोनच चालू होते.