नाण्याला स्मरण नसते

2004 साली सोलापुरातच विद्यापीठ निघाले, म्हणून संख्याशास्त्रासाठी मला कोल्हापूर गाठावे लागले नाही. संभाव्यतेचे पहिले तास छापा-काट्यात गेले. तीनदा छापा पडला, तरी चौथ्या खेपेस काट्याची शक्यता निम्मीच. नाण्याला मागचे स्मरण नसते!

वहिनींना तीन मुली, आणि पुन्हा दिवस गेलेले. आई सिद्धेश्वराला नवस बोलून आली, “आता मुलगाच!” मी वही पुढे केली. शंभर मुलींमागे साधारण 105 मुलगे जन्मतात, एवढाच काय तो फरक.

“अगं, नाणी कधी बाळंत होतात का?” आई फणकारली.

रात्री वहिनींनी हळूच विचारले, “वन्सं, मग दोष माझा नाही ना?”

“मुळीच नाही. मुलगा की मुलगी, हे पित्याच्या बीजावर ठरते.”

पलीकडे दादाच्या वर्तमानपत्राचे पान बराच वेळ उलटले नाही.