काळा समुद्र आणि खंड्या

आमच्या रत्नागिरीला दोन समुद्र आहेत, असे सांगितले की मुंबईचे पाहुणे हसतात. पण खरेच आहेत! रत्नदुर्गाचे लांबट नाक मध्ये आले आहे. त्याच्या उत्तरेचा तो पांढरा समुद्र आणि दक्षिणेचा, मांडवीचा, तो काळा समुद्र. पाणी एकच, रंग वाळूचा. मांडवीच्या वाळूत इल्मेनाइटसारखी जड, काळी खनिजे आहेत. पोरे लोहचुंबक फिरवतात आणि त्याला काळ्या कणांची मिशी फुटली की टाळ्या पिटतात.

हा भूगोल मला खंड्यामुळे नव्याने शिकावा लागला. खंड्या म्हणजे आमचा गावठी कुत्रा. खरे तर मुलीचा. ती शिकायला पुण्याला गेली आणि जाताना त्याचा पट्टा माझ्या हाती देऊन म्हणाली, "बाबा, रोज संध्याकाळी फिरवायचं हं. चुकवायचं नाही." विद्यार्थ्यांना हजेरीचे महत्त्व सांगणाऱ्या माणसाला नाही म्हणता येईना.

खंड्याला मात्र हे फिरणे मान्य नव्हते. घरून मांडवीपर्यंत तो दिव्यांच्या उजेडात बरा येई. वाळू लागली की बसे. चुचकारा, बिस्किट दाखवा, रागवा, ढिम्म! मी ओढी, तो चारी पाय रोवी. भेळवाल्यासमोरची ही झोंबाझोंबी माझे विद्यार्थी मोठ्या आवडीने पाहत. गंमत अशी की सुटीच्या दिवशी सकाळी पांढऱ्या समुद्राकडे नेले, तर लाटांनी जेवढी वाळू तिथे शिल्लक ठेवली आहे तेवढ्यावर तो वासरासारखा हुंदडे. म्हणजे मुलीबरोबरच्या जागा याला प्रिय आणि माझ्याबरोबरची संध्याकाळ नकोशी, असा मी अर्थ लावला. थोडे वाईटही वाटले. पलीकडच्या टेकडीवर १९१० साली बांधलेल्या राजवाड्यात ब्रह्मदेशचा थिबा राजा १९१६ पर्यंत, मरेपर्यंत, नजरकैदेत राहिला. मनाविरुद्ध समुद्र पाहणारा रत्नागिरीत तो पहिला, खंड्या दुसरा, असा विनोदही मी घरी केला. सौभाग्यवती हसली नाही. "अहो, त्याला काही होत असेल," एवढेच म्हणाली.

आश्विनातली एक संध्याकाळ. सूर्य बुडाला होता, दीपस्तंभाचा झोत फिरू लागला होता. त्या दिवशी मी हट्टालाच पेटलो आणि त्याला अक्षरशः फरफटत नेले. पाच-पन्नास पावले गेलो असू. वाळूत ओढून ठेवलेल्या होडीवर खंड्याचे तोंड धाडकन आपटले. तो केकाटला आणि माझ्याच पायांत शिरला.

जवळ जाळे गुंडाळत बसलेले एक म्हातारे मच्छीमार उठून आले. "मास्तर, त्याला वडताव कशाला? त्याला दिसत नाय वाटतं." त्यांनी बॅटरी मारली. खंड्याचे डोळे नुसते हिरवे चमकत होते. बुबुळांच्या मधल्या बाहुल्या एवढ्या उजेडातही पसरलेल्याच.

गुरांच्या डॉक्टरांनी तेच सांगितले. डोळ्याच्या पडद्यातल्या, मंद उजेडात कामाला येणाऱ्या पेशी आधी निकामी होतात. मग हळूहळू दिवसाचीही नजर जाते. औषध नाही. दुखत मात्र नाही. पांढऱ्या वाळूवर, उन्हात त्याला दिसत होते. काळ्या वाळूवर, तिन्हीसांजेला मी त्याला रोज एका खड्ड्याकडे ओढत होतो. त्या रात्री मुलीला फोन करायचे धैर्य झाले नाही. दुसऱ्या दिवशी केला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, काठीला घुंगूर बांधा. आवाजावर येईल तो."

बाकी या प्रकरणात माझीही एक चोरी उघडी पडली. डॉक्टरांनी दिलेला कागद मी हात लांब करकरून वाचत होतो, ते सौभाग्यवतीने पाहिले. चाळिशी ओलांडून बरीच वर्षे झाली, तरी नाकावर चाळिशी चढवायला मी दोन वर्षे टाळाटाळ करीत होतो. आता ती आली आहे.

हल्ली आम्ही पाचलाच निघतो. ऊन असते, भेळवाला नुकताच मांडामांड करीत असतो. वाळू लागली की खंड्या सवयीने बसतो. मी काठी हलवतो. घुंगूर वाजतो. तो कान टवकारतो, जांभई देतो, आणखी थोडा बसतो, आणि मग उठतो.