वजन धरलेली मुलगी

जुळ्यांमधलं अशक्त बाळ कोणतं, हे घरची माणसं पहिल्याच दिवशी ठरवून टाकतात, तेही वजनाच्या आकड्यावरून. मग नवस त्याच्यासाठी, दृष्टही त्याचीच काढायची. दुसऱ्याबद्दल विचारलं तर म्हणतात, "त्याला काय झालंय, ते चांगलंय." जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात सिस्टर म्हणून काम करताना मला या 'चांगल्या' बाळाचीच जास्त काळजी वाटते.

त्या पावसाळ्यात शेजारशेजारच्या वॉर्मरवर तीन बाळं होती, तिन्ही एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मलेली. जुळ्यांतला मुलगा ९२० ग्रॅमचा, मुलगी ११६० ग्रॅमची. तिसरा एकटाच जन्मलेला, १२४० ग्रॅमचा. जुळ्यांची आजी त्याच्याकडे बघून विचारायची, "एकेकटी असती तर आमचीपण अशीच भरली असती ना ओ सिस्टर?"

जुळी लवकर जन्मतात हे खरं. पण एकोणतिसाव्या आठवड्यात बाहेर आलं की फुप्फुसं तेवढीच कोवळी असतात, पोटात सोबत कुणी असो वा नसो. आई किती लवकर दवाखान्यात पोचली, यानं मात्र फार फरक पडतो. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला डेक्सामेथासोनची चार इंजेक्शनं बारा-बारा तासांनी देतात. एकट्या बाळाच्या आईला चारही मिळाली होती. जुळ्यांची आई जीपमधून आली तेव्हा कळा जोरात होत्या, एकच देता आलं.

मुलगा श्वास घ्यायला विसरायचा. मॉनिटर ओरडला की तळपायाला टिचकी मारायची, मग छाती पुन्हा हलायची. त्यामुळे सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. दुसऱ्या आठवड्यात जंतुसंसर्ग झाला तो मुलीला. ऑक्सिजन वाढवावा लागला, अँटिबायोटिक बदलावं लागलं. त्यातून ती उठली आणि झपाट्यानं वजन धरू लागली. घरच्यांच्या लेखी तिचा विषय तिथंच संपला.

मुलगा आईच्या छातीवर असला की आजी चोळीची गाठ सोडून नातीला उराशी घ्यायची, वरून आम्ही पट्टी बांधायचो. हे नुसतं ममतेचं काम नाही. भारतासह पाच देशांत झालेला आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. एक ते पावणेदोन किलोच्या आसपासच्या बाळांना जन्मानंतर लगेच कांगारू पद्धतीनं छातीशी धरलं, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १२ टक्के होते. बाळ स्थिर होईपर्यंत थांबलेल्या गटात ते १५.७ टक्के होते.

कक्षात असताना दोघांचे डोळे तपासले होते. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अजून अपुऱ्या होत्या, म्हणून पुन्हा बोलावलं. त्या नऊ महिने भरेपर्यंत वाढत असतात. बाळ लवकर जन्मलं की ती वाढ अर्ध्यावर राहते. त्यात ऑक्सिजनचे चढउतार आणि जंतुसंसर्ग झाला, तर त्या वेड्यावाकड्या फुटतात. याला आरओपी म्हणतात. बाहेरून डोळा काळाभोर, छान दिसतो. वेळेत लेसर झालं तर बहुतेकदा नजर वाचते. पडदा सुटल्यावर फारसं काही हातात राहत नाही.

ठरल्या दिवशी आई-वडील आले ते फक्त मुलाला घेऊन. "मुलीनं वजन धरलंय. आणि एवढ्या पावसात मोटारसायकलवर दोन बाळं धरायची कशी?" मुलगी म्हणून तिला मागे ठेवली, असं मी म्हणणार नाही. तिच्यासाठी अवघडून बसलेली आजी मी रोज पाहिली होती. मी तिथूनच गावच्या आशाताईंना फोन लावला. दुसऱ्या दिवशी त्या आणि आजी मुलीला दुपट्यात गुंडाळून एसटीनं आल्या.

थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या. पापण्या क्लिपनं उघड्या ठेवतात तेव्हा बाळ असं काही रडतं की आजीनं तोंड फिरवलं. मी डोकं धरून होते. डॉक्टर कपाळावरच्या दिव्यानं, हातातल्या भिंगातून बघत राहिले, एक डोळा, मग दुसरा, मग परत पहिला. आदल्या दिवशी मुलाचा पडदा बरा निघाला होता. हिच्या दोन्ही डोळ्यांत आजार पुढे गेला होता. दोन दिवसांत मेडिकल कॉलेजला लेसर झालं.

आता तिघंही चालत्या वयाची आहेत. मुलीला जाड भिंगांचा चष्मा आहे, पण अंगणातली कोंबडी ती लांबून हेरते. मुलगा बोलायला उशिरा लागला. एकट्या बाळाच्या डोक्याच्या सोनोग्राफीत रक्तस्राव दिसला होता. त्याचा डावा पाय ताठ राहिला आहे आणि त्याची आई नेमानं शीघ्र हस्तक्षेप केंद्रात व्यायामाला आणते. वजन सगळ्यांत जास्त, इंजेक्शनं पूर्ण, पोटात वाटेकरी नाही. कागदावर तिघांत तोच भक्कम होता.

जुळ्यांना घरी सोडताना मी आता दोन स्वतंत्र कार्डं करते, तारीख एकच असली तरी. दोन्हींवर डोळ्यांच्या तपासणीची ओळ लाल शाईनं लिहिते, आशाताईंचा नंबर घालते आणि खाली १०२ च्या गाडीचाही. मोटारसायकलवर दोन बाळं धरायची कशी, हा त्या आईचा प्रश्न खरा होता.