मक्षिकास्थाने मक्षिका

बारा जणांनी प्रत्येकी बारा माश्या बांधायच्या. बाराही एकाच जातीच्या, एकाच मापाच्या. प्रत्येक गळात कागदाची चिठ्ठी ओवायची. तिच्यावर माशीचं नाव, गळाचा नंबर आणि बांधणाऱ्याचं नाव. मग सगळा ऐवज एका डबीत भरून, परतीची तिकिटं लावलेल्या पाकिटासकट यजमानाकडे धाडायचा. यजमान जेवणाच्या टेबलावर बारा डब्या मांडतो आणि पत्ते पिसावेत-वाटावेत तशा माश्या वाटतो. तुमची डबी दारी परत येते तेव्हा तिच्यात बारा हातांच्या बारा माश्या असतात, त्यातली एक स्वतःची. आमच्या मंडळींत याला स्वॅप म्हणतात. मी घरी सांगताना भिशी म्हणते. इथे दर खेपेला सगळ्यांचाच नंबर लागतो, एवढाच फरक.

मालवणच्या आत्याला हे पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माशी? जेवणात पडता ती?" मग मी तिला सांगितलं की गळावर पिसं, लोकर आणि दोरा गुंडाळून पाण्यावरच्या किड्याची नक्कल करतात, तिला फ्लाय म्हणतात, ट्राउट मासा ती खरी समजून उचलतो, आणि आपण त्याला ओला हात लावून, गळ काढून, पुन्हा पाण्यात सोडतो. आत्याचा सगळा जन्म खाडीवर गेला, गरवण्यातलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "सोडूचोच होतो तर धरलंस कित्याक?" याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

मी न्यू जर्सीत राहते. घरापासून अडीच तासांवर कॅट्सकिलचे डोंगर आहेत, तिथल्या रॉस्को गावाशी विलोवीमॉक आणि बीव्हरकिल या नद्या भेटतात. अमेरिकेतल्या फ्लायवाल्यांचं ते पंढरपूर. माशी बांधायला मात्र मी नदीवर नाही, एका ग्रंथालयाच्या तळघरात शिकले, हिवाळ्यातल्या सहा शनिवारी. पहिल्याच दिवशी अडले. व्हाइस नावाच्या चिमट्यात गळ धरायचा तो नेढं उजवीकडे ठेवून, दोरा आपल्यापासून पलीकडे फिरवायचा. पुस्तकातली सगळी चित्रं तशीच. मी डावखुरी. लिहिते आणि जेवते उजव्या हाताने, कारण लहानपणी शाळेत डाव्या हाताने पाटीवर काही उमटलं की त्या हातावर पट्टी उमटायची. सुई, कात्री, विळी मात्र डाव्याकडेच राहिली. तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. शेवटी घरी व्हिडिओसमोर आरसा लावला आणि आरशात बघून शिकले.

यंदाच्या स्वॅपला मी क्विल गॉर्डन घेतली. हौसेने घेतली आणि पस्तावले. चौदा नंबरचा गळ, सगळी माशी सेंटिमीटरभराची. पंख वूड डकच्या कुशीतल्या पिवळसर पिसाचे, शेपूट आणि मानेभोवतीची झालर राखी कोंबड्याच्या पिसाची, आणि अंग मोरपिसाचं. मोरपिसाच्या डोळ्यातून एकच तंतू खुडायचा. त्याच्यावर हिरवी-जांभळी लव असते, ती खोडरबराने हलक्या हाताने घासून काढायची. खाली उरते एक चपटी फीत, दोऱ्याहून थोडी रुंद, एक कड काळसर आणि दुसरी फिकट. ती वळ्याला वळं लावून गुंडाळली की खऱ्या किड्याच्या पोटावर असतात तसे पट्टे आपोआप उठतात. रंगवायला लागत नाही, कोरायला लागत नाही. फक्त फीत कोरडी असली तर वाळल्या शेवईसारखी मोडते. म्हणून वाटीभर पाण्यात तंतू भिजत घालायचे. पहिल्या संध्याकाळी मी भिजवायला विसरले आणि चार फिती मोडल्या. दुसऱ्या संध्याकाळी नवऱ्याने वाटी रिकामी करावी म्हणून सिंकमध्ये ओतली.

एकूण एकोणीस बांधल्या तेव्हा बारा पाठवण्याजोग्या निघाल्या. स्वतःपुरती एखादी बांधतो तेव्हा पंख कलला तर आपण म्हणतो, चालायचंच, माशाला कुठे फूटपट्टी असते. पण बारा माश्या ओळीने थर्मोकोलवर टोचल्या आणि बाराहींचे पंख एकाच बाजूला, माझ्यापासून पलीकडे झुकलेले दिसले, तेव्हा ती चूक राहिली नाही, खोड झाली. दोरा फिरताना पंखाला आपल्याबरोबर ओढून नेतो. म्हणून पंख आधी किंचित आपल्याकडे झुकता धरायचा असतो, म्हणजे दोरा त्याला बरोबर मधोमध आणतो. हे मला वर्षानुवर्षं पाठ होतं. हाताला ठाऊक नव्हतं.

आपल्याकडे मक्षिकास्थाने मक्षिका म्हणतात ते नकलनवीसाला हिणवायला. मूळ कागदावर माशी चिरडलेली दिसली, म्हणून त्या बापड्याने नकलेतही माशी मारून चिकटवली. शाळेत या गोष्टीला मी खूप हसले होते. आता त्याच्याविषयी थोडा आदर वाटतो. बरोबर त्याच जागी, त्याच मापाची माशी बसवून दाखवा म्हणावं.

क्विल गॉर्डन ज्याच्या नावाची, तो थिओडोर गॉर्डन नेव्हर्सिंक नदीकाठी राहायचा. इंग्लंडात फ्रेडरिक हॅलफर्डने १८८६ साली तरंगत्या माश्यांवर पुस्तक काढलं होतं. गॉर्डनने त्याला पत्र घातलं आणि १८९० मध्ये हॅलफर्डने आपल्या माश्यांचा संच समुद्रापार त्याला पाठवून दिला. आमच्या स्वॅपचा मूळपुरुष मी त्या पाकिटालाच मानते. त्या माश्या दक्षिण इंग्लंडच्या संथ, काचेसारख्या पाण्यावरच्या किड्यांच्या होत्या. कॅट्सकिलच्या खळाळत्या पाण्यात किडे निराळे, मासे निराळे. गॉर्डनने जशाच्या तशा उतरवल्या असत्या तर बात संपलीच असती. त्याने बांधणी उचलली आणि आपल्या नदीवरचा किडा तिच्यात बसवला. १९१५ साली तो वारला. त्याआधी त्याने शिकवलं ते लिबर्टी गावच्या टपाल कचेरीतल्या रॉय स्टीनरॉडला, आणि स्टीनरॉडने १९१६ मध्ये हेंड्रिक्सन नावाची माशी बांधली. गॉर्डन जिथे गळ टाकायचा त्यातलं बरंचसं पाणी आज धरणाखाली आहे आणि न्यूयॉर्क शहराच्या नळांना येतं. कोयनाकाठच्या माणसाला यावर वेगळं काही सांगायला नको.

पिसांची गोष्ट निघाली की आमच्यातले लोक दबक्या आवाजात बोलतात. इथे १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आहे. अंगणात गळून पडलेलं रॉबिनचं पीससुद्धा उचलून ठेवता येत नाही. वूड डक मात्र परवान्याने शिकार केलेला असला तर त्याचं पीस माशीला चालतं. भारतातून येताना आई दर खेपेला देवघरातलं मोरपीस बॅगेत सरकवू बघते आणि दर खेपेला मला सांगावं लागतं की मोरपिसांच्या निर्यातीला बंदी आहे. इथल्या दुकानात मिळतं ते पाळलेल्या मोरांचं. तोच मोर, पण घरच्या मोरपिसाशी त्याचं नातं लावायला मन तयार होत नाही.

एका स्वॅपमध्ये मात्र घर अगदीच अनपेक्षितपणे समोर आलं. एका वयस्क सभासदाने प्रत्येकाला बोनस म्हणून एकेक सामनची माशी पाठवली होती. भपकेबाज, व्हिक्टोरियन काळातल्या नमुन्याची, पाण्यात टाकायची हिंमत होऊ नये अशी. तिच्या दोन्ही गालांवर एकेक छोटं काळं पीस होतं आणि त्यावर मेण सांडून वाळल्यासारखा पांढरा-पिवळा ठिपका. चिठ्ठीवर लिहिलं होतं, जंगल कॉक. म्हणजे आपला रानकोंबडा. राखाडी, सह्याद्रीतला, पहाटे आजोळच्या मागच्या डोंगरावर आरवणारा. मी त्याला कितीदा ऐकलंय, पाहिलंय दोनदाच. त्याच्या मानेवरच्या या पिसांसाठी एके काळी इंग्लंडात पोत्यांनी माल जायचा. भारतात त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. हे पीस परदेशी पैदास केलेल्या कोंबड्याचं होतं. तरी ती माशी हातात घेऊन मी खिडकीपाशी बराच वेळ उभी होते.

आता गाऱ्हाणं. आमच्यात एक गृहस्थ आहेत, त्यांच्या माशीच्या नेढ्यात लाख कायम भरलेली असते. शेवटची गाठ पक्की राहावी म्हणून डोक्यावर लाखेचा थेंब लावतात, तो लावल्यावर नेढं सुईने मोकळं करायचं असतं. ते करत नाहीत. पहाटे साडेपाचला, बोटं गारठलेली, किडे पाण्यावर उडायला लागलेले आणि दोरा नेढ्यातून जात नाही, तेव्हा त्या सज्जनांविषयी मनात जे येतं ते मराठीतच बरं. दुसरी तक्रार, माश्या काचेखाली फ्रेम करून भिंतीवर लावणाऱ्यांची. निदान एकदा तरी ती भिजवावी. नाहीतर ती शोभेची वस्तू, आणि शोभेच्या वस्तू बांधायला मी डोळे का फोडू?

मी स्वतः आलेल्या माश्यांचं काय करते ते सांगितलं तर फ्रेमवाले मला दारात उभं करणार नाहीत. काही मी पाण्यात टाकते. एखादी फार आवडली तर सोडवते. ब्लेडने डोक्यावरची गाठ कापायची आणि दोरा उलट फिरवत एकेक थर उतरवायचा. ही चाल माझी नव्हे. रूब क्रॉस नावाचा कॅट्सकिलचा मोठा कारागीर आपली बांधणी कुणाला दाखवायचा नाही. तेव्हा वॉल्ट डेट, त्याची विनी आणि हॅरी डार्बी या तरुण मंडळींनी त्याच्या माश्या विकत आणल्या आणि उसवून उसवून शिकले. पुढे त्यांच्याच माश्यांना लोक रांग लावू लागले. पुस्तकात पाककृती असते, पीस अमुक, दोरा तमुक. उसवलेल्या माशीत हात दिसतो. एका क्विलच्या अंगाखाली मला पांढऱ्या दोऱ्याचं अस्तर सापडलं, शेपटीकडे निमुळतं होत गेलेलं. चिठ्ठीवर त्याचा उल्लेख नव्हता. तिचे पट्टे इतके उजळ का दिसत होते ते तेव्हा कळलं.

उसवताना सुरुवातीला माझी फजिती व्हायची. सवयीने फिरवायला जावं तर दोरा सुटण्याऐवजी पुन्हा गुंडाळत जाई. बाकी अकरा जणांचे दोरे माझ्या उलट दिशेने फिरलेले. मला ते सरावाचं झालं. माझी माशी कुणी उसवेल आणि त्यालाही तसंच अडखळायला होईल, हे कधी डोक्यात आलं नाही.

मार्चच्या शेवटी स्वॅपची डबी आली, आणि पाठोपाठ आठवड्याने पेन्सिल्व्हेनियातून एक पाकीट. पाठवणारे बारांतलेच, पण कधी भेट नाही. आत माझ्या क्विल गॉर्डनचा गळ, पार उघडा, स्वच्छ पुसलेला. सोबत मोठ्या अक्षरातली चिठ्ठी. मोरपिसाची फीत मी कशी घासते ते बघायला माशी सोडवली, राग मानू नये. पण दोरा उलटा निघाला. तुम्ही डावऱ्या आहात का? माझी नात नऊ वर्षांची आहे, डावरी आहे, तिला शिकवायला बसलो की माझे हात तिला आडवे येतात. तुम्ही एक माशी अर्धीच बांधून पाठवाल का?

आरशाची युक्ती लिहून कळवता आली असती. पण मग मी वाटीत तंतू भिजत घातले आणि एकाऐवजी पाच गळ घेतले. पहिल्यावर फक्त दोरा. दुसऱ्यावर दोरा आणि पंख. मुद्दाम एक पंख कललेला ठेवला आणि चिठ्ठीत तो कुठून धरायचा ते काढून दाखवलं. तिसऱ्यावर शेपूट. चौथ्यावर अंग, पाच वळ्यांपर्यंतच. पुढची फीत ओलसर कापसात गुंडाळून शेजारी ठेवली. पाचव्यावर सगळं, झालरसुद्धा, फक्त शेवटची गाठ नाही. दोरा चिकटपट्टीने डबीच्या तळाला धरून ठेवला, वीतभर मोकळा, नेढं डावीकडे.