गाडी मध्येच थांबत नाही

परवा रात्री साडेनऊला एका वाचक ताईंचा फोन आला. पत्रकाराला या वेळेला फोन येतो तो एकतर लाइट गेली म्हणून, नाहीतर एसटी आली नाही म्हणून. ताई म्हणाल्या, "दादा, बातमी नाहीये. रविवारी सगळे खोपोलीला इमॅजिकाला चाललोय. धाकटा साडेचार वर्षांचा आहे. ती अंधारातली भुतांची राइड असते ना, त्यात त्याला न्यावं का? हे म्हणतात ने, भीती मोडेल. सासूबाई म्हणतात बाधा होईल."

"उद्या सांगतो" म्हणालो आणि फोन ठेवला. उत्तर तेव्हाच माहीत होतं. पण ते सांगायचं तर आधी माझी एक चूक सांगावी लागते, आणि ती मी घराबाहेर आजवर कुणाला सांगितलेली नाही.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच जिल्ह्यातली एक जत्रा. नाव घेत नाही, कारण चूक जत्रेची नव्हती, माझी होती. लेक तेव्हा चार वर्षांची. पाळण्यात बसून झालं, म्हातारीचे केस खाऊन झाले, आणि भूत बंगल्यासमोर आलो. आतून किंचाळ्यांची टेप चालू. तिने माझा शर्ट धरला. "बाबा, नको."

मी म्हटलं, "अगं खोटं असतं सगळं. मी आहे ना." आणि तिकीट काढलं.

आत काय असणार? काळं कापड, लाल बल्ब, दोरीला लटकवलेला सांगाडा. एका वळणावर कवटीचा मुखवटा घातलेल्या पोराने समोर उडी मारली. मला हसूच आलं, कारण खाली त्याच्या निळ्या पट्ट्यांच्या स्लीपर दिसत होत्या. लेकीने आधी श्वास धरून ठेवला आणि मग ओरडली, "बाहेर! बाहेर!" मागे वळलो तर मागून माणसं येत होती. बोळ एका माणसापुरती. पुढेच जावं लागलं. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. बाहेर आलो तेव्हा तिची चड्डी ओली होती. आजूबाजूचे हसले. मीही हसलो. बाकी सगळं विसरेन, पण ते माझं हसणं विसरता येत नाही.

दोन-तीन महिने ती लाइट बंद करून झोपली नाही. ते हळूहळू गेलं, लहान पोरांचं जातं. पण एक गोष्ट राहिली. रेवसच्या लाँचमध्ये बसताना मी म्हणालो, काही होत नाही. ती म्हणाली, "खरं सांगताय ना?" डॉक्टरकडे इंजेक्शनच्या वेळी तेच. शाळेच्या पहिल्या दिवशी तेच. "मी आहे ना" या माझ्या शब्दाची किंमत त्या तंबूत कमी झाली होती.

नंतर या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो. त्यात एक जुना प्रयोग सापडला. १९६९ साली ऱ्हेटा डेव्हरीस या अमेरिकन संशोधक बाईंचा तो अभ्यास प्रसिद्ध झाला. मेनार्ड नावाचं एक गरीब मांजर. मुलांना आधी ते दाखवलं, हात लावू दिला. मग त्याचं तोंड आडोशाला करून त्यावर कुत्र्याचा मुखवटा चढवला. शेपटीकडची बाजू पूर्ण वेळ मुलांसमोरच होती. तरी तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांना वाटलं की आता हे कुत्रंच झालं, आणि काही तर घाबरून लांब झाली. सहा वर्षांच्या बहुतेकांना मात्र कळत होतं की मांजर ते मांजरच.

म्हणजे त्या पोराच्या स्लीपर माझ्या लेकीलाही दिसल्या असतील. पण त्या वयात दिसून उपयोग नसतो. "खोटं असतं ते" हे वाक्य मोठ्यांच्या कामाचं आहे. चार वर्षांच्या पोराला समोर जे उभं आहे, तेच खरं.

मग आजीच्या गोष्टींचं काय, असं कुणीतरी विचारणारच. आपण सगळेच गिऱ्हा, खवीस, चकवा ऐकत वाढलो. बरोबर. पण गोष्ट आजीच्या मांडीवर ऐकली. फार भीती वाटली की पदरात तोंड खुपसायचं, आणि आजी तिथेच थांबायची. शिमग्यातला संकासूर आठवा. दक्षिण रायगडात आणि खाली रत्नागिरीकडे तो दारोदार येतो. काळा वेश, उंच टोपी, कमरेला घुंगरं. पोरं आधी घरात पळतात. मग दाराआडून बघतात. मग ओट्यावर येतात, आणि दोन-चार शिमगे गेले की त्याच्याच मागून गावभर फिरतात. किती जवळ जायचं ते पोर स्वतः ठरवतं. भीती अशी मोडते.

अंधारातल्या राइडमध्ये नेमकं हेच नसतं. पट्टा लागला, गाडी सुटली, की ती मध्येच थांबत नाही. त्यात बसलेल्या पोराला दार नाही, पदर नाही, मागे फिरणं नाही. मला वाटतं भुतापेक्षा हे जास्त वाईट आहे.

आणि हे भल्याभल्यांना चुकलंय. कॅलिफोर्नियातलं डिस्नीलँड १९५५ साली सुरू झालं तेव्हा तिथे हिमगौरीच्या गोष्टीवर अंधारातली एक राइड होती. गाडीत बसणारा प्रेक्षक म्हणजेच हिमगौरी अशी कल्पना, त्यामुळे आत हिमगौरी दिसायचीच नाही. चेटकीण मात्र पुन्हा पुन्हा समोर यायची. आईबाप लाडक्या हिमगौरीला भेटायला पोरांना घेऊन जात आणि रडती पोरं घेऊन बाहेर येत. शेवटी १९८३ साली राइडच्या नावातच 'भीतीदायक' हा शब्द घातला. २०२१ मध्ये तर ती बदलून बरीच सौम्य केली, नावही बदललं.

म्हणजे अंधार हाच दोषी असं नाही. इमॅजिकातच बघा. २०१३ साली सुरू झालेल्या या पार्कात सलीमगढ हा भुताटकीचा खेळ, आणि अलीबाबा हा गाडीत बसून चोरांवर नेम धरायचा खेळ. अंधार दोन्हीकडे. पण एकात पोराच्या हाती बंदूक असते, दुसऱ्यात त्याच्या हाती काही नसतं. "डार्क राइड" या एका शब्दात दोन्ही येतात, म्हणून नावावर जाऊ नका, आत काय आहे ते विचारा. उंचीच्या पट्टीवरही जाऊ नका. ती पट्टी पोर पट्ट्यात नीट बसेल का एवढंच सांगते. पोर उंच आहे म्हणून त्याचं मन उंच होत नाही.

आता खाली कमेंटमध्ये काय येणार तेही माहीत आहे. "आम्हाला विहिरीत ढकलून पोहायला शिकवलं, आम्ही मेलो का?" नाही मेलात, दादा. पण खाडीकाठी जन्म जाऊन गुडघ्याच्या वर पाण्यात न उतरलेली माझ्या वयाची माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यातल्या काहींनाही लहानपणी ढकललंच होतं. ते फुशारकी मारायला येत नाहीत, एवढाच फरक.

आता मुद्द्याचं. सिनेमाला आपल्याकडे २०२४ पासून सात, तेरा आणि सोळा अशा वयांचे वेगळे शिक्के आले. थिएटरच्या पडद्यावर भूत बघायला वयाचा इशारा, आणि जत्रेत तेच भूत अंगावर उडी मारणार तर इशारा काहीच नाही! वरसोलीचा विठोबा, आवासचा नागेश्वर, चौलचा दत्त, सगळ्या जत्रा कार्तिक-मार्गशीर्षात येतात. पाळण्याची मजबुती, विजेच्या वायरी यावर आपण ओरडतो, ओरडायलाच पाहिजे. त्यासोबत ग्रामपंचायती आणि जत्रा कमिट्यांना माझी साधी विनंती आहे. भूत बंगल्याबाहेर मराठीत ठळक पाटी लावायला सांगा: आत काय आहे आणि किती वर्षांखालच्यांनी जाऊ नये. मध्यावर बाहेर पडायला एक दार ठेवायला लावा, आग लागली तर त्याचाही उपयोग होईल. आणि मुखवटेवाल्या पोरांना सांगा, कडेवरच्या लेकरावर उडी नको. खर्च म्हणाल तर एक पाटी आणि कापडाला एक चीर.

आईबापांना एकच सांगणं. पोर दारात "नको" म्हणालं, तर विषय तिथे संपला. तिकिटाचे पैसे गेले तर जाऊ देत. आणि ते रडत असताना मोबाईल काढून व्हिडिओ करू नका. तुमचे लाइक्स संध्याकाळपर्यंत टिकतात, त्याचं वाटलेलं त्याहून जास्त टिकतं.

ताईंना दुसऱ्या दिवशी फोन केला. म्हटलं, बाधा वगैरे काही होत नाही, पण सलीमगढ यंदा राहू द्या. आधी तुम्ही दोघांपैकी एकाने आत जाऊन या, आणि त्याला अलीबाबाला न्या. त्या हसल्या, म्हणाल्या, "ह्यांनाच पाठवते आधी."

माझी लेक आता अकरा वर्षांची आहे. गेल्या वर्षी जत्रेत मैत्रिणी भूत बंगल्याकडे निघाल्या. ती दारापर्यंत गेली, थोडा वेळ आतला आवाज ऐकला आणि परत आली. म्हणाली, "आज नाही." मी म्हटलं, "बरं." आम्ही भजी खाल्ली. यंदा जाते का नाही ते तीच ठरवेल.

पटलं तर आपापल्या गावच्या जत्रा कमिटीच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहे.