झेलमनं आई-बाबा आले

लांबच्या भटकंतीत घरच्यांना नेमकं कुठं भेटायचं, हे मी ठरवलं ते रेल्वेचं वेळापत्रक समोर ठेवून. पावसाळा संपता संपता पुण्यातली नोकरी सोडून सॅक पाठीवर टाकली होती. हिमाचल, कुमाऊँ आणि मग बुंदेलखंड करत डिसेंबरात झाशीला पोचले, तोवर आईचे फोन वाढले होते. 'जेवलीस का?' एवढंच ती विचारायची, पण तिला मला डोळ्यांनी बघायचंय, हे आवाजावरून कळत होतं.

वाराणसीचे घाट बाबांच्या गुडघ्यांना झेपले नसते. ओरछाला यायचं तर झाशीला उतरून पुन्हा दुसरं वाहन. भोपाळ सोपं होतं. झेलम एक्स्प्रेस संध्याकाळी पुण्याहून निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भोपाळला पोचवते. गाडी बदलायची नाही. शिवाय भोपाळात आमचं कुणीही नाही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटत होतं. कुणा नातेवाइकांकडे उतरलो असतो, तर अर्धा वेळ पाहुणचारात गेला असता आणि उरलेला मी नोकरी का सोडली यावर.

स्टेशनवर आईनं आधी मला नाही, सॅकला हात घातला. पट्टा धरून उचलून बघितली, खाली ठेवली आणि म्हणाली, "एवढंच? यात सगळं येतं तुझं?" ओझं जड असेल अशी तिला धास्ती होती, हलकं निघालं म्हणून ती जास्तच काळजीत पडली. हॉटेलवर गेल्या गेल्या तिनं सॅक पलंगावर रिकामी केली. तीन टी-शर्ट, दोन पँटी, लोकरी टोपी, औषधांची पिशवी. सगळे कपडे बादलीत भिजले. खांद्याच्या पट्ट्याची शिवण एका बाजूला उसवत आली होती, ती माझ्या लक्षातही आली नव्हती. दुपारी आम्ही जुन्या शहरातल्या चौक बाजारात गेलो ते जाड सुई आणि मजबूत दोरा शोधायला. जरीकामाचं सामान विकणाऱ्या एका दुकानात दोन्ही मिळालं आणि आईनं तिथूनच जरदोजीचा एक बटवाही घेतला. रात्री तिनं पट्टा दुहेरी टीप घालून शिवला. ती शिवण आजही पक्की आहे.

मी लिहून ठेवलेली यादी लांबलचक होती: सांची, ताज-उल-मसाजिद, भारत भवन, जनजातीय संग्रहालय. पहिल्याच सकाळी पोहे-जिलबीच्या गाडीवर बाबा म्हणाले, "मला भीमबेटका बघायचंय. बाकी तू म्हणशील ते." मग यादी बाजूला ठेवली. प्राचीन चित्रांच्या खडकांची ती जागा भोपाळपासून साधारण 45 किलोमीटर. टॅक्सी ठरवताना मी भाडं घासाघीस करून कमी केलं. आई शेजारी उभी राहून ऐकत होती, काही बोलली नाही. पण त्यानंतर पैशाच्या हिशेबाबद्दल तिनं मला एकदाही विचारलं नाही.

हायवे सोडून गाडी टेकडीकडे वळली, की रेल्वेमार्ग लागतो. मी म्हटलं, "बाबा, काल सकाळी तुम्ही इथूनच गेलात." नर्मदेचा पूल आला तेव्हा आईनं खिडकीतून नाणं टाकलं होतं, आणि त्यानंतरच्या घाटातल्या टेकड्या बाबा बघत आले होते. 1957 साली विष्णु श्रीधर वाकणकरांनी अशाच प्रवासात, भोपाळकडे जाताना, खिडकीतून हे खडक पाहिले. युरोपातल्या चित्रगुहांच्या परिसराशी त्यांना साम्य वाटलं, म्हणून ते इथं पोचले. नीमचला जन्मलेला, उज्जैनला काम केलेला हा मराठी माणूस मुळात चित्रकार होता. त्यांच्यामुळे जगाला कळलेली ही जागा 2003 साली जागतिक वारशाच्या यादीत आली. त्या रुळांवरून त्या काळी आणखी हजारो लोक गेले असतील. मला वाटतं, वाकणकरांना ते खडक दिसले कारण त्यांची नजर चित्रकाराची होती.

बाबांनी शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवली. माझ्या नेहमीच्या चालीनं मी तो परिसर दीड तासात उरकला असता. बाबा 'झू रॉक' म्हणून दाखवतात त्या खडकासमोरच तेवढा वेळ बसले. हत्ती, गवे, बारशिंगे, हरणं. कुठं पांढऱ्या रंगात, कुठं गेरूच्या लालसर रंगात, एकावर एक. मला आधी नुसता गोंधळ दिसत होता. बाबांनी हवेतच बोट फिरवून दाखवलं: हा बारशिंगा आधी काढलाय, त्याच्या पोटावरून जाणारी ही आकृती नंतरची. "रेष बघ, पाठीपासून शेपटीपर्यंत एका दमात ओढलीय. खोडलेलं कुठंच नाही." आईनं विचारलं, "एवढे दगड मोकळे असताना त्याच चित्रावर का काढायचं?" बाबा म्हणाले, "तिथं आधीच्याचं चित्र होतं म्हणूनच." अभ्यासक याचं उत्तर वेगळं देतील कदाचित, पण मला बाबांचं पटलं. त्यांनी वही काढून त्या बारशिंग्याची शिंगं उतरवून घेतली. इतक्या वर्षांत त्यांना असं बसून चित्र काढताना मी पाहिलं नव्हतं. घरी त्यांच्यापुढं नेहमी मुलांच्या वह्याच असायच्या.

येताना भोजपूर केलं. राजा भोजानं अकराव्या शतकात बांधायला घेतलेलं ते शिवमंदिर अपुरंच राहिलं. आत प्रचंड शिवलिंग आहे आणि आसपासच्या खडकांवर कारागिरांनी कोरलेले बांधकामाचे आराखडे अजून दिसतात. गाडीत बाबा दुराईसराईच्या तहाबद्दल बोलत राहिले. जानेवारी 1738 मध्ये बाजीरावांनी निजामाला भोपाळजवळ कोंडून तो तह करायला लावला. ती जागाही बघायची होती, पण आई दमली होती, म्हणून गेलो नाही.

शेवटच्या संध्याकाळी बड्या तलावाच्या काठी आईनं तो प्रश्न विचारलाच. "परत कधी येणार?" मी खरं ते सांगितलं: इथून पुढं अमरकंटक, मग छत्तीसगड, मग ओडिशाचा किनारा. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग एप्रिलच्या आत तो भाग संपव. उन्हाळ्यात तिकडं फिरू नकोस." परत ये, असं ती म्हणाली नाही. फोनवर हे बोलणं कधीच झालं नसतं. मी कशी राहते, कुणाशी कसं बोलते, काय खाते, हे तिनं आता पाहिलं होतं. त्यानंतर तिचे फोन कमी झाले नाहीत, पण ती आता नकाशा पुढ्यात घेऊन बसते आणि पुढचं गाव विचारते.

तुमची मुलगी किंवा मुलगा असा महिनोन्‌महिने बाहेर असेल, तर घरी बोलावू नका. तिकीट काढून तुम्हीच जा. वाटेतलं, कुणाचंच नसलेलं एखादं शहर निवडा, चार दिवस एकाच ठिकाणी मुक्काम करा आणि रोज एकच जागा बघा. भोपाळ निवडलंत तर थंडीत या, आणि भीमबेटक्याला सकाळी लवकर निघा, पाणी बरोबर घेऊन.