हरीण न दिसलेली सकाळ

जबलपूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर भेडाघाट येतो ना? संगमरवराचे उंच कडे, धुवांधार धबधबा, नर्मदेतली नाव. तिथे जरूर जा. पण हाताशी एखादी सकाळ जास्तीची असेल, तर विमानतळाजवळच्या डुमना नेचर रिझर्व्हमध्येही जाऊन या. शहराच्या कुशीत सुमारे हजार हेक्टर जंगल, त्यात इंग्रजांच्या काळात बांधलेला खंदारी जलाशय आणि झाडीत चितळांचे कळप.

आम्हाला मात्र एकही चितळ दिसलं नाही!

जबलपूर माझं आजोळ. आजोबांनी ऐंशी ओलांडली आहे आणि त्यांची नजर दरवर्षी थोडी थोडी कमी होते आहे. डिसेंबरात ते म्हणाले, "बेटा, एकदा चितळ दाखव. पुढच्या वर्षी दिसेल, न दिसेल." म्हणून उजाडताच निघालो. थर्मासमध्ये चहा, आजोबांच्या डोक्याला कानटोपी आणि माझ्या गळ्यात मैत्रिणीकडून उसना आणलेला कॅमेरा.

दोन तास हळूहळू चाललो. ओल्या मातीत खुरांचे ताजे ठसे दिसले, लेंड्या दिसल्या. वाटेत भेटलेला चौकीदार म्हणाला, "अरे, अभी तो इधर ही थे!" जंगलात गेलेल्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं. मी पार हिरमुसले. आजोबांना दाखवायचं होतं आणि आता ऊनही चढायला लागलं होतं.

एका झाडाखाली चहा ओतताना आजोबा एकदम म्हणाले, "मी असाच एकदा रिकाम्या हाताने परतलोय."

१९६६ सालची गोष्ट. आजोबा तेव्हा चोवीस वर्षांचे, गन कॅरेज फॅक्टरीत नवे कारकून. त्या काळी वनखात्याचा परवाना काढला की शिकार करता येई. मित्रांबरोबर जीपने ते मंडला रस्त्याला गेले. निघण्यापूर्वीच बैठकीच्या भिंतीवर शिंगं टांगण्यासाठी खिळा ठोकून ठेवला! दिवसभर काही मिळालं नाही. संध्याकाळी एक मोठा नर समोर आला. आजोबांनी बार काढला आणि चितळ उडी मारून दिसेनासं झालं.

"तुम्हाला दया आली का हो, आजोबा?" मी आशेने विचारलं.

"छे! नेम चुकला. दया आली असं सांगायला आवडलं असतं, पण खोटं कशाला बोलू? मित्र वर्षभर हसत होते. मला फार लाज वाटायची."

"आणि आता?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. "आता वाटतं, बरं झालं. तेव्हा जंगल कधी संपेल असं कुणाला वाटतच नव्हतं."

पण ते संपत आलं होतं. त्याच मंडला जिल्ह्यातल्या कान्हाच्या जंगलात १९७० साली अवघे ६६ बारशिंगे उरले होते. शिकार, रोगराई आणि कमी होत गेलेली गवताळ कुरणं अशी अनेक कारणं होती. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हौसेच्या शिकारीचे दिवस संपले. कान्हामध्ये बारशिंग्यांसाठी कुंपण घालून सुरक्षित जागा केली, कुरणं राखली. आज तिथे त्यांची संख्या हजाराच्या घरात आहे. हाच बारशिंगा मध्य प्रदेशचा राज्यप्राणी आहे.

आम्ही उठणार, इतक्यात आजोबांनी माझा हात घट्ट धरला. "ऐक."

मला आधी काहीच ऐकू आलं नाही. मग झाडावरून वानर खाकरलं आणि पाठोपाठ दाट झाडीतून एक तीक्ष्ण, उंच आवाज आला. चितळाचा इशारा! वानरं आणि चितळं एकमेकांची राखण करतात. वानर उंचावरून पाहतं, चितळ खाली वास घेतं आणि धोका वाटला की दोघंही ओरडतात. वानरांनी खाली टाकलेला पाला चितळांना आयता मिळतो, तो वेगळाच.

मी कॅमेरा उचलला. समोर नुसती पानं हलत होती.

"आहेत," आजोबा म्हणाले. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मी त्यांचाच फोटो काढला.

तुम्ही जाल तेव्हा पहाटे लवकर जा, भडक कपडे टाळा, मोबाईल सायलेंट ठेवा आणि मुलांना पायांखालचे ठसे ओळखायला लावा. चितळ दिसेलच असं नाही. कान मात्र उघडे ठेवा.

घरी आल्यावर मी तो खिळा पुन्हा नीट पाहिला. इतकी वर्षं त्याच्यावर लाला रामस्वरूपचं कॅलेंडर लटकतंय. आजोबांनी चष्मा पुसला, पान उलटलं आणि विचारलं, "मग, मे महिन्यात परत येणार ना?"